आपल्या बाजूचा फॉरवर्ड

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. माझ्या भाच्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार मिनिटांचा एक व्हिडिओ टाकला. मागे नात चालू होती, पडद्यावर संस्कृत श्लोक सरकत होते आणि निवेदक सांगत होता की, हिंदूंच्या भविष्यपुराणात आपल्या पैगंबरांचे (स.) नाव पाच हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. त्यांची भेट घेणारा राजा भोज हा शालिवाहनाच्या वंशातला होता, असेही त्यात होते. शालिवाहन म्हणजे आमच्या पैठणचा राजा. मग काय विचारता! दुपारपर्यंत व्हिडिओखाली अकरा 'माशाअल्लाह' जमा झाले होते.

संध्याकाळी भाचा घरी आला तो खुशीतच. "मामू, अब क्या बोलते? उनकीच किताब में लिखेला है!" मी त्याला एवढेच विचारले, "बेटा, ये किताब छपी कब?" त्याला प्रश्न आवडला नाही. चांगल्या बातमीला कोणी जन्मतारीख विचारतो का?

त्याने तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला. त्याचा शाळेपासूनचा एक हिंदू मित्र आहे. दोघे एकाच मोटारसायकलवर एमआयडीसीत कामाला जातात. मित्राने ते पुराण कुठून तरी मिळवले आणि त्याच अध्यायातल्या पुढच्या श्लोकांचा फोटो हिंदी अर्थासह पाठवला. त्या श्लोकांत पैगंबरांविषयी जे शब्द आहेत ते मी इथे लिहिणार नाही. भाचा संतापला. मित्राने आपल्या रसूलचा अपमान केला, असे त्याला वाटले. मित्राचे म्हणणे असे की, "मी कुठे काय लिहिले? तूच दाखवलेल्या पुस्तकात आहे ते." गल्लीतली दोन पोरे पोलिसात तक्रार द्यायला चला म्हणू लागली. तीन दिवस दोघे वेगवेगळे कामाला गेले.

तक्रार झाली नाही, मोठ्यांनी समजूत घातली. पण त्या तीन दिवसांत मला जे सांगायचे होते ते कोणी ऐकून घेतले नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

ते पुस्तक काय आहे?

भविष्यपुराण नावाचा प्राचीन ग्रंथ होता यात शंका नाही. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात 'भविष्यत्' नावाच्या पुराणाचा उल्लेख येतो. आज उपलब्ध असलेल्या भविष्यपुराणाचे काही भाग, विशेषतः सूर्योपासनेचा भाग असलेले ब्राह्मपर्व, बरेच जुने आहेत. त्यामुळे 'अख्खे पुराणच खोटे' असे कोणी म्हणत असेल तर तेही चूक आहे.

पण आपल्या व्हिडिओतले श्लोक येतात ते 'प्रतिसर्गपर्व' या भागातून. हे पर्व आपल्यासमोर आले ते मुंबईच्या वेंकटेश्वर प्रेसने 1897 मध्ये छापलेल्या आवृत्तीतून. ते चाळले की माणूस थक्क होतो. त्यात आदम आहे, हव्वा आहे, नूहचे जहाज आहे. हजरत ईसा (अ.) हिमालयात शालिवाहनाला भेटतात. कबीर आणि नानक आहेत, अकबर आहे, औरंगजेब आहे, शिवाजी महाराज आहेत. मग इंग्रज येतात, कलकत्ता येते आणि व्हिक्टोरिया राणीही वेगळ्या नावाने येते. म्लेंच्छांची भाषा कशी आहे हे सांगताना 'संडे', 'फेब्रुवारी' आणि 'सिक्स्टी' हे इंग्रजी शब्दसुद्धा संस्कृत श्लोकात बसवले आहेत.

भाकीत कधीचे आहे हे ओळखण्याचा एक साधा नियम आहे. भाकीत कुठवर बरोबर येते ते पाहायचे. हे पर्व व्हिक्टोरियापर्यंत येऊन थांबते. दोन महायुद्धांची त्याला खबर नाही, गांधीजींची नाही, 1947 ची नाही. जिथे भाकीत थांबते, तिथे लेखक बसलेला असतो. थिओडोर आउफ्रेख्त हे जर्मन संस्कृत पंडित. संस्कृत हस्तलिखितांची सूची करण्यात त्यांनी हयात घालवली. त्यांनी 1903 मध्येच या छापील ग्रंथावर लेख लिहून त्याला वाङ्मयीन लबाडी म्हटले होते. पुढे पुराणांचे अभ्यासक राजेंद्रचंद्र हाजरा यांनीही या पर्वाला जवळजवळ नवीच रचना ठरवले. म्हणजे ही शंका आज माझ्या डोक्यातून निघालेली नाही. ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि संस्कृत जाणणाऱ्यांनी घेतलेली आहे.

आता कालगणना पाहा. आपल्याला माहीत असलेला प्रसिद्ध राजा भोज म्हणजे धारचा परमार राजा, अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. पैगंबरांचे निधन 632 चे. मधे चारशे वर्षांचे अंतर आहे. भेट कशी होणार?

तिसरी कसोटी मौनाची. अल्-बेरूनी या मुस्लिम विद्वानाने 1030 च्या सुमारास हिंदुस्थानावरचा आपला प्रचंड ग्रंथ लिहिला. तो संस्कृत शिकला, पंडितांजवळ बसला. त्याने पुराणांची जी यादी दिली, तिच्यात भविष्यपुराणाचे नाव आहे. त्यात पैगंबरांचा उल्लेख असता, तर या माणसाने तो लिहायचा सोडला असता का? पुढे दारा शुकोहने 1657 मध्ये उपनिषदे फारसीत आणली. दोन्ही धर्मांतले साम्य शोधण्याचा त्याला ध्यास होता. त्यालाही हे श्लोक सापडले नाहीत. एकट्या मौनावरून काही सिद्ध होत नाही हे मान्य. पण संडे-फेब्रुवारी, चारशे वर्षांचे अंतर आणि हे मौन, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर आपण दुसरीकडे का पाहावे?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तर व्हिडिओवाल्याने लपवलीच. ते श्लोक स्तुतीचे नाहीतच. पर्वाचा लेखक इस्लामचा विरोधक आहे आणि त्याने तसेच लिहिले आहे. प्रचारकांनी नाव असलेला श्लोक उचलला आणि बाकीचे कापले. भाच्याच्या मित्राने फक्त कापलेला भाग परत जोडला. मग अपमान कोणी गल्लीत आणला? मला हे लिहिताना वाईट वाटते, पण तो आपणच आणला.

पैठणचा शालिवाहन खरा किती, कथेतला किती?

भाचा म्हणाला, "मग मामू, शालिवाहन पण खोटा का?" हा चांगला प्रश्न होता. कारण पैठणकरांना तो लहानपणापासून कथेत भेटतो. शेषनागाचा मुलगा, कुंभाराच्या घरी वाढला, मातीचे हत्तीघोडे आणि सैनिक केले, त्यात जीव आला आणि त्याने शत्रूला हरवले. ही कथा आम्ही उर्दू शाळेत गेलेल्यांनीसुद्धा शेजारच्या आजींकडून ऐकलेली आहे.

इतिहासाकडे गेलो की तिथे सातवाहन भेटतात. त्यांच्याविषयी बोलणारे साक्षीदार एकमेकांना ओळखतही नव्हते, हीच त्यांच्या साक्षीची ताकद. पहिल्या शतकातला एक ग्रीक भाषा बोलणारा, नाव माहीत नसलेला लेखक आपल्या सागरी व्यापाराच्या पुस्तकात लिहितो की, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून मौल्यवान खडे गाड्यांत भरून बंदराला जातात. दुसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा टॉलेमी पैठणच्या राजाचे नाव ग्रीक उच्चारात देतो. ते नाव म्हणजे श्री पुळुमावी हे ओळखता येते. त्याच पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला लेख नाशिकच्या लेण्यात आहे. तो त्याच्या आजीने, गौतमी बलश्रीने कोरून घेतला. आपल्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, शकांचा आणि क्षहरात घराण्याचा पराभव केला असे ती सांगते.

आता आई मुलाचे कौतुक करणारच. तिचे खरे कशावरून मानायचे? उत्तर 1906 मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीला सापडले. तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, 13,000 हून अधिक नाणी. सगळी क्षहरात राजा नहपानाची आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. शत्रूच्या नाण्यावर आपला छाप मारायला शत्रूचा खजिना हाती यावा लागतो. आईचा शिलालेख, शत्रूची नाणी, परक्याचे पुस्तक. ही तीन साक्षींची जोड मिळाली की मग दाव्याला वजन येते.

आणि 'शालिवाहन शक'? इथे गंमत आहे. सातवाहन राजांनी आपल्या लेखांत हा शक कधीच वापरला नाही. ते आपापली राज्यवर्षे मोजत. इसवी सन 78 पासून मोजला जाणारा हा काळ जुन्या लेखांत शक राजांचा काळ म्हणून येतो. पुलकेशीच्या काळातला ऐहोळचा प्रसिद्ध शिलालेख शक 556 चा, म्हणजे इसवी सन 634 चा. त्यातही शक राजांचाच उल्लेख आहे. शालिवाहनाचे नाव या कालगणनेला चिकटलेले दिसते ते सुमारे तेराव्या शतकापासून. पैठणच्या शालिवाहनाची कथा तपशिलाने सांगणारा जैन आचार्य जिनप्रभसूरी चौदाव्या शतकातला. म्हणजे ज्यांना हरवले त्या शकांच्या कालगणनेला, हजारेक वर्षांनी, हरवणाऱ्याचे नाव मिळाले.

अल्-बेरूनीला यातली अडचण तेव्हाच दिसली होती. त्याला लोकांनी सांगितले की, शक राजाला विक्रमादित्याने मारले. त्याने हिशेब केला. विक्रम संवत आणि शक यांत 135 वर्षांचे अंतर पडते. मग तो म्हणतो की, संवत सुरू करणारा विक्रमादित्य आणि शकाला मारणारा विक्रमादित्य एकच असू शकत नाहीत. हजार वर्षांपूर्वी, हाताशी ना छापखाना ना गुगल, तरी माणूस वजाबाकी करून पाहत होता.

हे सांगितल्याने गुढीपाडव्याची गोडी कमी होते का? अजिबात नाही. सण कथेवर उभा असतो आणि कथेला आपली जागा आहे. मातीच्या सैनिकांची कथा शेजारच्या आजींनी मला सांगितली, तेव्हा त्यांनी माझ्याकडून काही कबूल करून घेतले नव्हते. भांडण सुरू होते ते कथेला पुरावा म्हणून दुसऱ्याच्या तोंडावर मारल्यावर.

एकच शब्द, दोन अर्थ

गौतमी बलश्रीच्या त्या लेखात शक आणि पहलव यांच्यासोबत 'यवन' हाही शब्द येतो. गौतमीपुत्राने यवनांचा नाश केला, असे त्यात आहे. त्यावरून 'आमच्या सातवाहनांनी दोन हजार वर्षांपूर्वीच मुसलमानांना धूळ चारली' अशा मजकुराची पोस्ट मी स्वतः पाहिली आहे. मराठीत यवन म्हणजे मुसलमान ही सवय जुनी आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला खटकतही नाही.

पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात मुसलमान कुठून येणार? पैगंबरांचा जन्मच सहाव्या शतकातला. त्या काळी यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. आणि हेच यवन कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांचे दान देताना दिसतात, जुन्नरच्या लेण्यांतही त्यांची दाने कोरलेली आहेत. म्हणजे लढाईतही यवन आणि दानातही यवन. एका शब्दाचा आजचा अर्थ कालच्या दगडावर चिकटवला की दगड खोटे बोलू लागतो. त्यात दगडाचा दोष नसतो.

तीच गत पु. ना. ओक यांनी लोकप्रिय केलेल्या त्या दाव्याची, की काबागृहात राजा विक्रमादित्याची प्रशस्ती सोन्याच्या पत्र्यावर टांगलेली होती. हा दावा दर वर्षी हजच्या दिवसांत फिरतो. त्यात एका अरबी ग्रंथाचे नाव असते, इस्तंबूलच्या ग्रंथालयाचे नाव असते. पण हस्तलिखिताचा क्रमांक, पानाचे छायाचित्र, मूळ ओळींचा वाचून पडताळता येईल असा पाठ त्या फॉरवर्डसोबत कधीच येत नाही. नाव आहे, पत्ता आहे, दार मात्र उघडत नाही. भाच्याचा व्हिडिओ आणि ही पोस्ट शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत परक्याच्या घरात आपल्या माणसाची तसबीर शोधलेली आहे. दोन्हींना वाटते की, समोरच्याच्या पुस्तकाने आपल्याला सलाम केला म्हणजे आपण मोठे.

भाकिते मागाहून लिहिली जातात

हा केवळ आपल्या मातीचा रोग नाही. मेक्सिकोच्या अझ्टेक लोकांविषयी जगभर एक गोष्ट सांगितली जाते. इंटरनेटवर तर ती रोज नवी होऊन येते. त्यांचा केत्साल्कोआत्ल नावाचा गोरा, दाढीवाला देव समुद्रापार गेला होता आणि परत येईन म्हणाला होता. स्पॅनिश सरदार कोर्तेस उतरला तेव्हा राजा मोक्तेसुमाला वाटले की देवच आला आणि त्याने राज्य सोपवून दिले.

कोर्तेसने आपल्या राजाला पाठवलेली पत्रे उपलब्ध आहेत. मोक्तेसुमाच्या भेटीचे वर्णन असलेले दुसरे पत्र 30 ऑक्टोबर 1520 चे, म्हणजे घटनेनंतर वर्षभरातले. त्यात मोक्तेसुमाच्या तोंडी एका परत येणार असलेल्या पूर्वजाची भाषा घातली आहे. तीही कोर्तेसच्या सोयीची. पण केत्साल्कोआत्लचे नाव नाही आणि कोर्तेस स्वतःला देव मानले गेल्याचे सांगत नाही. देवाची कथा तपशिलाने येते ती पुढच्या दशकांत. 1577 च्या सुमारास पूर्ण झालेल्या, साहागुन या फ्रान्सिस्कन पाद्र्याने स्थानिक अझ्टेक लेखकांकडून लिहवून घेतलेल्या मोठ्या ग्रंथात ती दिसते. तेव्हा त्यांची राजधानी पडून, 1521 पासून, अर्धे शतक उलटले होते. कॅमिला टाउनसेंड या इतिहासकार बाईंनी 2003 मध्ये हा सगळा उलगडा नीट मांडला.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ही कथा जेत्यांना आवडली, कारण तिने त्यांना देव केले. आणि हरलेल्यांच्या मुलानातवंडांनाही ती उपयोगी पडली, कारण आपले वाडवडील इतक्या सहज का हरले याचे तिने उत्तर दिले. खोटी कथा टिकते ती अशी, तिचा दोन्ही बाजूंना फायदा असतो म्हणून. भविष्यपुराणातल्या श्लोकांचेही तेच झाले. एका बाजूला त्यात अपमान करता येतो, दुसऱ्या बाजूला अभिमान बाळगता येतो. 1897 च्या छापील पुस्तकाला दोघेही पाच हजार वर्षांचे म्हणतात. एवढ्या एका मुद्द्यावर मात्र दोघांचे एकमत!

नाथांच्या गावात

पैठणचा मुसलमान म्हणून एक कथा मला आयुष्यभर ऐकावी लागली आहे. संत एकनाथ गोदावरीत स्नान करून येत आणि एक यवन त्यांच्यावर थुंकत असे. नाथ रागावत नसत, पुन्हा स्नानाला जात. असे एकशे आठ वेळा झाले. शेवटी तो यवन शरण आला. शाळेत ही कथा सांगितली गेली की वर्गातल्या चार मुसलमान पोरांकडे सगळे वळून पाहत. आम्ही खाली बघत असू, जणू आमच्यातल्याच कुणाचे ते तोंड होते.

मोठा झाल्यावर मी तिचा काळ शोधला. नाथांनी 1599 मध्ये देह ठेवला. त्यांच्या कथा घरोघरी नेणाऱ्या संतचरित्रकार महिपतींचे 'भक्तविजय' आणि 'भक्तलीलामृत' हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. मधे दीडशेहून अधिक वर्षे गेलेली. महिपतींचा हेतू नाथांची शांती दाखवण्याचा होता. मुसलमानांची बदनामी करण्याचा नव्हता. त्यांच्या जगात यवनही शेवटी बदलतो, पाया पडतो. आज इंटरनेटवर फिरणाऱ्या तुकड्यात मात्र थुंकी राहते आणि पश्चात्ताप गळून पडतो.

मग नाथांनी स्वतः काय लिहिले? त्यांचे 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड आहे. त्यात एक हिंदू आणि एक तुर्क एकमेकांना अगदी झोंबेल असे बोलतात. तुमचा देव असा, तुमचा धर्म तसा. कोणी कोणाची भीड ठेवत नाही. आणि शेवटी दोघांना उमगते की वाद शब्दांचा होता, परमेश्वर एकच. दोघे एकमेकांना आलिंगन देतात. हे नाथांच्या हातचे, सोळाव्या शतकातले, ते ज्या पैठणात राहत होते त्या पैठणातले. मूळ साधन म्हणतात ते हे. आमच्या वर्गात ते कधी वाचले गेले नाही. वाचले असते, तर आम्ही खाली बघितले नसते.

इथेही मी स्वतःला बजावतो. मला हे भारूड आवडते कारण ते माझ्या सोयीचे आहे. म्हणून मी त्याचाही काळ आणि कर्ता तपासला. आणि त्यातले तुर्काला टोचणारे बोलही मी वगळणार नाही. फक्त शेवटचे आलिंगन कापून स्टेटसला ठेवले, तर माझ्यात आणि त्या व्हिडिओवाल्यात फरक काय?

ही शिस्त आपल्याला नवी नाही

आपल्या लोकांना वाटते, साधने तपासणे हा इंग्रजी शिकलेल्यांचा उद्योग. अरे, ही तर आपल्या घरची विद्या! हदीस सांगणाऱ्याला पहिला प्रश्न असे, तू हे कोणाकडून ऐकले? त्याने कोणाकडून? ते दोघे एका काळात, एका गावात होते का? त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खोटे बोलत असे का? यासाठी हजारो कथनकर्त्यांची चरित्रे लिहिली गेली. बगदादच्या इब्ने जौजींनी, ज्यांचे निधन 1201 चे, बनावट हदीसांचाच एक वेगळा संग्रह केला, लोकांनी सावध राहावे म्हणून. आणि हदीस बनवणारे सगळे दुष्ट नव्हते. काहींना प्रामाणिकपणे वाटे की, लोक धर्माकडे वळावेत म्हणून दोन चांगल्या गोष्टी रचल्या तर बिघडले कुठे? उलेमांनी त्यांनाही माफ केले नाही. धर्माच्या भल्यासाठी रचलेले खोटे हे खोटेच, असा निकाल दिला.

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीचा आशय आपण सगळे जाणतो. अविश्वासू माणसाने बातमी आणली तर शहानिशा करा, नाहीतर अजाणता कोणाचे तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल. माझ्या मते आजच्या मोबाइलवर यापेक्षा चांगली सूचना चिकटवता येणार नाही.

आणि आपल्या मराठवाड्याचेच पाहा. 1948 पर्यंत पैठण हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानच्या पुरातत्त्व खात्याची 1914 ची सुरुवात ज्यांच्या हातून झाली ते गुलाम यझदानी. बुद्धाच्या चित्रांनी भरलेल्या अजिंठ्यावर त्यांनी मोठाले खंड काढले. दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा, सातवाहनांसह, 1960 मध्ये प्रसिद्ध झालेला महत्त्वाचा ग्रंथ त्यांच्याच संपादनाखाली तयार झाला. या माणसाला अजिंठ्यात इस्लामची भाकिते शोधावीशी वाटली नाहीत. जे भिंतीवर आहे ते जपावे आणि नीट वाचावे, एवढेच त्याला पुरेसे वाटले. मला अभिमान बाळगायचा तर तो मी यझदानींचा बाळगेन.

किंमत कोण मोजतो?

कोणी म्हणेल, दोन पोरांच्या भांडणाचे एवढे काय? जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत आक्षेपार्ह पोस्टचे निमित्त झाले, जमाव मशिदीत घुसला आणि एका तरुणाचा जीव गेला. त्यामुळे 'फॉरवर्डेड अ‍ॅज रिसीव्ड' असे लिहून हात झटकणे आता परवडणारे नाही. आपल्यासारख्यांना तर मुळीच नाही.

मी भाच्याला चार प्रश्न लिहून दिले. हे पहिल्यांदा कुठे आणि कधी लिहिले गेले? लिहिणारा घटनेच्या किती जवळ होता? ज्याचा यात फायदा नाही असा कोणी हेच सांगतो का? आणि आधीचे-नंतरचे पान काय म्हणते? पाचवा प्रश्न मी तोंडी सांगितला, कारण तो सगळ्यात अवघड आहे. हे खरे निघावे असे मला का वाटते?

शत्रूचा फॉरवर्ड आपण सगळेच तपासतो. त्यात काही मर्दुमकी नाही; राग आपोआप तपासायला लावतो. ईमानाची कसोटी आपल्या बाजूच्या फॉरवर्डला लागते. ज्याने आपली छाती फुगते, त्याचीच जन्मतारीख आधी विचारायची.

भाच्याने व्हिडिओ काढून टाकला. मग माझ्या सांगण्यावरून घरच्या ग्रुपवर लिहिले की, ती माहिती चुकीची होती, ते पुस्तक 1897 चे आहे, माफी असावी. मित्रालाही तोच मजकूर पाठवला. मित्राचे उत्तर आले, "उद्या साडेसातला निघू."

घरच्या ग्रुपवर मात्र कोणी काही बोलले नाही. व्हिडिओला अकरा माशाअल्लाह मिळाले होते, दुरुस्तीला एकही नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः एक लिहिला. उशिरा का होईना, पहिला तर पडला.